काळी रेषा आणि लेश्यावृक्ष

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात सेनगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ‘कला आणि अध्यात्म’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. मी पंडित नाही, प्रवचनकारही नाही. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकविली, मुलांच्या हाती खडू दिला आणि फावल्या वेळात स्वतःची चित्रे काढली. अशा माणसाने अध्यात्मावर अधिकारवाणीने बोलणे शोभणार नाही. म्हणून हा मोठा विषय मी आपल्या सभागृहातील एका भिंतीपुरता मर्यादित करतो. त्या भिंतीवरील षट्लेश्यांचे चित्र आपण सर्वजण येता-जाता पाहता. ते पूर्ण व्हायला जवळजवळ एक वर्ष का लागले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. आज ते सांगावे असे मनात आहे. कारण त्या विलंबात दोष माझा होता, आणि त्या दोषातूनच मला या विषयाचे जे काही आकलन झाले ते झाले.

प्रथम माझ्या चित्रांविषयी थोडे सांगणे भाग आहे. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. आपल्यातील ज्येष्ठांना ते वर्ष विसरणे शक्य नाही. विहिरींचे तळ उघडे पडले होते, रस्त्यांच्या कामावर बायामाणसे खडी फोडीत होती, लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि शाळेतली सुकडी यांवर आम्ही मुले वाढलो. घरात रंग असण्याचा प्रश्नच नव्हता. चुलीतला विझलेला कोळसा घेऊन मी ओसरीच्या भिंतीवर जे डोळ्यांसमोर होते ते काढीत असे. आणि डोळ्यांसमोर होती ती पाने झडलेली झाडे. पुढे औरंगाबादेस (आजच्या छत्रपती संभाजीनगरास) चित्रकलेचे शिक्षण घेतले, जलरंग आणि तैलरंग हाताळले. पण हात पुन्हापुन्हा त्या कोळशाकडेच वळे. एका शिक्षकांनी मला सांगितले होते, “ही काळी रेषा तुझी आहे, ती सोडू नकोस.” मी ती सोडली नाही. प्रदर्शनांतून माझी ओळख ‘वाळल्या झाडांचे चित्रकार’ अशीच झाली आणि खरे सांगायचे तर त्या ओळखीचा मला अभिमानही वाटत असे.

मंदिराचा जीर्णोद्धार होऊन नवे सभागृह उभे राहिले तेव्हा त्याच्या एका भिंतीवर नवचैतन्याचे प्रतीक ठरेल असे चित्र असावे, अशी विश्वस्तांची इच्छा होती. काम माझ्याकडे आले. मी षट्लेश्यांचा वृक्ष निवडला. आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या गोम्मटसारात हा दृष्टांत आला आहे आणि आपल्या मंदिरांतून तो जांभळाच्या झाडाच्या रूपात रंगविलेला आपण पाहतो. सहा वाटसरू फळांनी लदलेल्या झाडाजवळ येतात. पहिला म्हणतो, झाड मुळासकट उपटू. दुसरा म्हणतो, खोड तोडू. तिसरा मोठ्या फांद्या, चौथा लहान डहाळ्या तोडू पाहतो. पाचव्याला केवळ फळे खुडायची असतात आणि सहावा खाली पडलेली फळे वेचून तृप्त होतो. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल या त्यांच्या सहा लेश्या.

मार्गशीर्षात मी कच्चे रेखाटन घेऊन बैठकीस गेलो. कागदावर माझे नेहमीचे झाड होते : निष्पर्ण, काळ्याभोर रेषांचे, फांद्या आकाशात खुपसलेले. त्याखाली सहा माणसे, तीही कोळशाचीच. मला ते रेखाटन फार आवडले होते. बैठकीत काही क्षण कोणी बोलले नाही. मग आपल्यातील एक ज्येष्ठ विश्वस्त, ज्यांना आपण सारे काका म्हणतो, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले,

“सर, झाडाला फळ कुठे आहे?”

मी म्हणालो, “काका, हे प्रतीकात्मक चित्र आहे. माझी झाडे अशीच असतात.”

“तुमची झाडे असतील. पण हे झाड तुमचे नाही ना! फळच नाही, तर सहाव्या माणसाने वेचायचे काय?”

दुसरे एकजण म्हणाले की सगळी माणसे काळ्या रंगात काढल्याने साऱ्यांचीच कृष्ण लेश्या झाली आहे. मंदिराच्या भिंतीवर इतका काळा रंग बरा दिसणार नाही. मी उत्तर दिले नाही. कागद गुंडाळला आणि म्हणालो, “माझी शैली नको असेल तर बाजारातून छापील चित्र आणून चिकटवा.” एवढे बोलून मी निघून आलो. भिंत पांढरीच राहिली. त्यानंतर कित्येक महिने मी सभागृहात पाऊल टाकले नाही.

मित्रहो, चार कषायांपैकी मान हा कलावंताच्या घरी फार लवकर बिऱ्हाड करतो. ‘शैली’ हे त्याचे सभ्य नाव. आपली रेषा, आपला रंग यांवर आपण इतके प्रेम करू लागतो की चित्राचा विषय हे केवळ रेषा दाखविण्याचे निमित्त होऊन बसते. हे मला तेव्हा कळले नव्हते. मला वाटत होते की परंपरा ही नव्या हाताची वैरीण आहे, आणि स्वतःच्या समर्थनासाठी पुरावे शोधण्याच्या हेतूने मी परंपरेतील चित्रे-शिल्पे पुन्हा पाहू लागलो. पुरावे मिळाले; पण ते माझ्याच विरुद्ध निघाले.

पहिला पुरावा मराठीतच मिळाला. भाद्रपद शुद्ध दशमीला आपण सुगंधदशमीचे व्रत करतो, मंदिरात धूप वाहतो. त्या व्रताची कथा माता-भगिनींना तोंडपाठ आहे. एका राणीने मुनींना कडू भोपळ्याचा आहार दिला, त्या पापाने ती हीन योनींत भटकली, पुढे दुर्गंधयुक्त देह घेऊन जन्मली, व्रताच्या प्रभावाने पुढील जन्मी तिच्या देहाला सुगंध आला. जीवाला पुन्हा नवे होता येते, हे सांगणारी याहून थेट कथा क्वचितच असेल. अठराव्या शतकात जिनसागर या आपल्या मराठी कवीने ही कथा मराठीत रचली आणि तिची एक सचित्र पोथी नागपुरास जपली गेली. षट्खंडागमाच्या धवला टीकेचे संपादन करणाऱ्या डॉ. हीरालाल जैन यांनी १९६६ साली भारतीय ज्ञानपीठातर्फे ही कथा अपभ्रंश, संस्कृत, गुजराती, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांतील रूपांसह प्रसिद्ध केली, तेव्हा त्या पोथीतील चित्रेही लोकांसमोर आली.

ती चित्रे मी पुष्कळ वेळ न्याहाळली. पश्चिम भारतातील जुन्या कल्पसूत्राच्या पोथ्यांत चेहऱ्याबाहेर डोकावणारा दुसरा डोळा असतो, सोन्याची आणि निळ्या रंगाची उधळण असते. या पोथीच्या चित्रकाराने ते काही उचलले नाही. त्याची माणसे मराठी मुलखातील वेशात वावरतात. पुराणातली माणसे त्याने आपल्या परिसरातील माणसांसारखी काढली आणि त्यात त्याला काहीही संकोच वाटला नाही. मात्र कथेचा एकही दुवा त्याने सोडलेला नाही. कडू भोपळा नसेल तर पाप कळणार नाही, आणि पाप न कळेल तर सुगंधाला अर्थ उरणार नाही, हे त्या अनाम चित्रकाराला पक्के ठाऊक होते. काकांचा “फळ कुठे आहे?” हा प्रश्न त्याला कोणी विचारण्याची गरजच पडली नसती.

दुसरा पुरावा वेरूळचा. ३२ व्या क्रमांकाच्या इंद्रसभा लेण्यात आम्रवृक्षाखाली सिंहासह बसलेली अंबिका यक्षी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. नवव्या-दहाव्या शतकातील हे काम. अंबिकेची कथा अशी, की मुनींना आहार दिल्याबद्दल घरातून घालवून दिलेली ती स्त्री मुलांना घेऊन निघाली. मुले भुकेली झाली, तेव्हा वठलेल्या आंब्याला फळे आली आणि कोरड्या तळ्यात पाणी भरले. आता पाहा, वठलेले झाड हा तर माझा विषय! पण वेरूळच्या शिल्पकाराने झाड वठलेले कोरले नाही. त्याने ते पानाफळांनी गच्च भरलेले कोरले. वठलेपण त्या कथेचा आरंभ आहे, अर्थ नव्हे. तेथेच बाहुबलींची मूर्ती आहे. देह निश्चल आहे आणि पायांवरून, हातांवरून वेली चढल्या आहेत. स्थिर काय आणि नवे काय, हे एकाच दगडात दिसते. आणि हे सारे आपल्याच मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात. म्हणजे रंगाचा प्रश्न मुळात नव्हताच, असे मी मनाशी म्हटले आणि थोडासा सुखावलो. पण फळाचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

तो सुटला आषाढात. एका नातेवाइकाच्या शेतात पेरणी झाली होती, म्हणून पाहायला गेलो. बांधालगतच्या ओढ्यावर जांभळाचे एक जुने झाड आहे. त्याचे एक मोठे खांड कोणीतरी कधीकाळी सरपणासाठी तोडून नेले होते. त्या तोडलेल्या जागी हिरवे, कोवळे धुमारे फुटले होते. उरलेले झाड फळांनी लगडले होते, खाली ओल्या मातीत जांभळांचा सडा पडला होता. मी खाली बसलो आणि जांभळे वेचू लागलो. हाताची बोटे काळी-जांभळी झाली, कोळशाने व्हावीत तशी. तेव्हा दोन गोष्टी एकदम लक्षात आल्या. पिकलेल्या जांभळाचा रंग माझ्याच रेषेचा रंग आहे. आणि मी नकळत त्या सहाव्या माणसाच्या जागी बसलो आहे.

लेश्यावृक्षाचा दृष्टांत मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण त्याचा एक पैलू त्या ओढ्याकाठी प्रथमच उमगला. सहा माणसांतील फरक त्यांच्या भुकेत नाही. भूक सहाही जणांना सारखीच आहे. फरक आहे तो मागे झाडासाठी काय उरते यात. पहिल्याच्या हातून झाडाला पुन्हा फुटण्याची आशाच उरत नाही. दुसऱ्याच्या हातून खुंट उरतो. जांभळाचा खुंट जिवट, त्याला धुमारे फुटू शकतात, पण फळ धरायला किती वर्षे लागतील! तिसऱ्यानंतर काही वर्षांत, चौथ्यानंतर त्याहून लवकर झाड सावरेल. पाचव्यानंतर पुढच्याच हंगामात फळ येईल. सहाव्यानंतर तर झाडाला काही झालेच नाही. म्हणजे लेश्यांची ही शिडी नवतेचीही शिडी आहे. ज्याचे परिणाम जितके निर्मळ, तितकी त्याच्या मागे सृष्टीला पुन्हा बहरायला जागा अधिक. माझ्या वाळल्या झाडाखाली ही सहा माणसे एकसारखीच ठरली होती. कारण ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही, त्याच्याशी कोण कसे वागले हे कळणार कसे? काका बरोबर होते. दोष काळ्या रेषेचा नव्हता. मी तिच्यासाठी झाडाचे फळ काढून घेतले होते.

यानंतर तत्त्वार्थसूत्रातील एक अतिपरिचित सिद्धांत मला चित्रकाराच्या नजरेने वाचता आला. आचार्य उमास्वामींनी सत् कशाला म्हणावे हे सांगताना उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तीन लक्षणे दिली. नवे उपजते, जुने जाते आणि वस्तू टिकून राहते; हे तिन्ही एकाच वेळी. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत त्यासाठी सोनाराच्या दुकानातला दृष्टांत घेतला. सोन्याचा घट मोडून मुकुट केला, तर घट हवा असणाऱ्याला दुःख होते, मुकुट हवा असणाऱ्याला आनंद होतो, आणि ज्याची दृष्टी सोन्यावर आहे तो दोहोंतही समभावाने राहतो. आपल्या घरी आजीच्या पाटल्या मोडून सुनेसाठी नवे दागिने घडविले जातात, तेव्हा हे तिन्ही भाव एकाच ओसरीवर आपण पाहतो.

कलेत द्रव्य कोणते आणि पर्याय कोणता, हा विवेक ज्याला साधला त्याचा परंपरेशी तंटा राहत नाही, असे मला वाटते. तीर्थंकरांची ध्यानमुद्रा, नासाग्र दृष्टी, लांछन, स्वस्तिकाच्या चार भुजांतून सूचित होणाऱ्या चार गती, वरचे तीन बिंदू, सिद्धशिलेची चंद्रकोर, लेश्यावृक्षाचे फळ आणि सहा जणांचा क्रम, हे सोने आहे. त्यात कोणा चित्रकाराने आपल्या लहरीने भेसळ करू नये. रेषा जाड की बारीक, माणसाच्या डोक्यावर पागोटे की टोपी, झाड गुजरातच्या पोथीतले की आपल्या ओढ्याकाठचे, हा घाट आहे. तो प्रत्येक काळाने, प्रत्येक हाताने नवा घडवावा. १९७४-७५ साली भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त सर्व संप्रदायांनी मिळून जैन प्रतीक स्वीकारले, ते याचेच उदाहरण. त्यातील स्वस्तिक, बिंदू, सिद्धशिला, अभयाचा हात यांपैकी एकही गोष्ट नवी नव्हती. लोकाकृतीच्या एका बाह्यरेषेत त्यांची मांडणी मात्र नवी होती. आज लग्नपत्रिकेपासून मंदिराच्या कमानीपर्यंत ते प्रतीक सर्वत्र दिसते.

इतके सारे कळूनही मी सभागृहाकडे गेलो नाही, ही माझी खरी चूक. कळणे आणि वळणे यांत अंतर असते. पर्युषण आले. उत्सर्पिणी काळाच्या आरंभी, आपल्या पंचांगाप्रमाणे आषाढ वद्य प्रतिपदेपासून, सात प्रकारचे शुभ मेघ प्रत्येकी सात दिवस वर्षाव करतात. ४९ दिवसांनी भाद्रपद शुद्ध पंचमीस गुहा-कंदरांत आश्रय घेतलेले जीव बाहेर येतात आणि हिरवी झालेली पृथ्वी पाहून सदाचाराने राहण्याचा संकल्प करतात, असे आपले ग्रंथ सांगतात. आपल्या दशलक्षण पर्वाचा संबंध त्या दिवसाशी जोडला जातो. सारी सृष्टी नव्याने आरंभ करते त्या पर्वात मी मात्र माझ्या गुहेतच बसून होतो. क्षमावाणीच्या दिवशीही मी मंदिरात गेलो नाही.

त्या संध्याकाळी काका स्वतः माझ्या घरी आले. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखणारे, तरी दोन पायऱ्या चढून आले. मला काही बोलू न देता त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “उत्तम क्षमा, सर. त्या दिवशी चारचौघांत तुम्हाला टोचून बोललो.” मला शब्द सुचेना. मी वाकून नमस्कार केला. पाणी घेतल्यावर ते म्हणाले, “आणखी एक सांगायचे राहिले. काळा रंग म्हणजे केवळ कृष्ण लेश्या, असे आम्ही त्या दिवशी बोललो. नंतर आठवले, आपल्या पंचरंगी ध्वजात अरिहंतांचा पांढरा, सिद्धांचा लाल, आचार्यांचा पिवळा, उपाध्यायांचा हिरवा आणि साधूंचा काळा किंवा गडद निळा. काळा रंग साधू परमेष्ठींचाही आहे. तुमचा काळा राहू द्या. फक्त झाडाला फळ येऊ द्या.”

मी आत जाऊन आषाढात केलेले जांभळाचे रेखाटन आणून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले. मग तोडलेल्या खांडावरच्या धुमाऱ्यांवर बोट ठेवून म्हणाले, “हे शास्त्रात नाही.” मी म्हणालो, “काढून टाकू का, काका?” ते म्हणाले, “शास्त्राच्या विरुद्धही नाही. असू द्या.”

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले आणि मार्गशीर्षापूर्वी चित्र पूर्ण झाले. झाडाची रेषा माझी, कोळशासारखी काळी आहे. सहा माणसांना त्यांच्या त्यांच्या लेश्येचे रंग दिले आहेत. तेथे मी माझा हट्ट सोडला आणि तो सोडल्याने चित्राचे काही बिघडले नाही. पाने हिरवी काढताना माझा हात अनेकदा अडखळला, हेही प्रामाणिकपणे सांगतो; पन्नास वर्षांत मी पान काढले नव्हते. कित्येक पाने पुसून पुन्हा काढली. आज तुम्ही जवळून पाहाल तर डावीकडची पाने ओबडधोबड दिसतील आणि उजवीकडे येता येता ती सुधारलेली दिसतील. ती मी तशीच ठेवली आहेत. त्या पानांत माझी शैली नवी होत गेली. रेषा मात्र तीच राहिली.

आपल्या न्यासाला आज पन्नास वर्षे होत आहेत. जीर्णोद्धाराच्या निमित्ताने गावोगाव एक गोष्ट पाहतो आणि मन अस्वस्थ होते. जुन्या दगडी भिंतींवर चकचकीत फरशा बसतात, कोरीव खांबांवर तैलरंगाचे थर चढतात, जुने लाकडी काम जळणात जाते. त्याला आपण नूतनीकरण म्हणतो. दुसरीकडे नव्या पिढीने काही वेगळे करू पाहिले की ‘आपल्यात असे नसते’ म्हणून आपण तिला दारातूनच परत पाठवितो. सोने मोडीत टाकायचे आणि जुना घाट जपायचा, असे हे उलटे वर्तन होते. माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे की मंदिरातील कोणत्याही जुन्या वस्तूला हात लावण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, मोजमाप लिहून ठेवावे, घरोघरी जुन्या पोथ्या असतील त्यांची सूची करावी. आणि तरुण मुलामुलींना माझी विनंती, की काकांसारखे कोणी “फळ कुठे आहे?” असे विचारील, तेव्हा कागद गुंडाळून घरी जाऊ नका. मी एक वर्ष घालविले. तुम्ही घालवू नका.

काका आज प्रकृतीच्या कारणाने येथे येऊ शकले नाहीत. त्या वर्षीच्या क्षमावाणीस मी यायला हवे होते, आले ते. म्हणून आज या सभेसमोर, सर्व साधर्मी बंधू-भगिनींची आणि विशेषतः त्यांची मी मनःपूर्वक क्षमा मागतो. बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असल्यास, शास्त्राविरुद्ध काही बोलले गेले असल्यास, त्याबद्दलही क्षमा असावी.

जय जिनेंद्र.